डुक्कर फियाटची दोन इंजिनं

"एकाच गाडीची दोन इंजिनं आहेत, मॅडम. दोन्हींवर एकच नंबर. त्यातलं एक खोटं आहे, आणि कुठलं ते मला रविवारपर्यंत कळायला हवं."

निकेश घरत खुर्चीत टेकायच्या आधीच बोलायला लागला होता. वय पस्तिशीचं, गळ्यात जाड साखळी, हातात दोन मोबाइल. रोडपालीचे घरत म्हणजे पूर्वीचे मिठागरवाले. मिठागर गेलं, जमिनी राहिल्या, आणि आता निकेश इमारती बांधत होता.

पनवेलच्या लाइन आळीतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत तेव्हा, म्हणजे २०११च्या एप्रिलमध्ये, पंखा सोडला तर काहीच हलत नव्हतं. टेबलाच्या एका बाजूला कुमुद पाटणकर बसल्या होत्या. बत्तीस वर्षं विमा कंपनीत मोटारींचे सर्व्हे केल्यामुळे चेपलेल्या गाड्या आणि दडपून खोटं बोलणारी माणसं या दोन्हींची त्यांना सारखीच सवय होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी खाजगी तपासाची पाटी लावली. दुसऱ्या बाजूला त्यांचे दीर कमलाकर, वही उघडून तयार. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींचे मदतनीस होते. पगार नव्हता, पण चहा होता.

"गाडी कुठली?" कुमुदताईंनी विचारलं.

"फियाट. पंचावन्न सालची."

"डुक्कर फियाट!" कमलाकर खूश होऊन म्हणाले. "पुढून अगदी तसंच तोंड. आमच्या हेडपोस्टमास्तरांकडे होती."

"भाऊजी, त्यांना बोलू द्या."

निकेश बोलला. गाडी त्याच्या आजोबांनी घेतलेली. १४ मे १९६१ला त्याची आई चंद्रावती जासईहून नवरी होऊन आली ती याच गाडीतून. चौऱ्याहत्तर साली ऐन हंगामात मिठागरावरचा पंप मोडला. निकेशच्या वडिलांनी, बळीराम घरतांनी, फियाटचं इंजिन काढून पंपाला जोडलं. पुढची बारा वर्षं ते खाडीचं पाणी मिठागरात ओढत राहिलं. शहाऐंशी साली जमीन संपादनात गेली, इंजिन भंगारात गेलं. गाडीचा सांगाडा तेवढा गोठ्यात उभा राहिला.

"आणि इंजिन काढलं त्या दिवसापासून आई घरच्या कुठल्याही गाडीत बसलेली नाही," निकेश म्हणाला. "सदतीस वर्षं झाली. माझ्या दारात तीन गाड्या आहेत, मॅडम. आई रिक्षाने जाते. जासईला एसटीने."

कमलाकरांची पेन्सिल थांबली.

"आता आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, हृदयाचं ऑपरेशन आहे. चौदा मेनंतर. त्याआधी त्यांना तिला त्याच गाडीतून जासईला न्यायचंय. त्याच इंजिनावर. चुकीचं इंजिन बसलं तर तिला दुसऱ्यांदा फसवल्यासारखं होईल म्हणतात. बसवायला पंधरा दिवस लागणार, म्हणून रविवार."

"इंजिनं कोणाकोणाकडे आहेत?"

"एक आर्यन सबनीसकडे. खारघरला राहतो, विचुंब्यात त्याची शेड आहे, जुन्या गाड्या नव्या करतो. दिवाळीपासून गाडी त्याच्याकडेच आहे. तो म्हणत होता, जुनं इंजिन कशाला, नंतरच्या मॉडेलचं बसवतो, नाहीतर डिझेलचं बसवतो. आबा ऐकेनात. मग जानेवारीत मी इंजिनाचा नंबर छापून पनवेलपासून पेणपर्यंत प्रत्येक भंगारवाल्याला कागद वाटला. मार्चमध्ये कळंबोलीच्या लोखंड बाजारातून कुंदन भोईरचा फोन आला, सापडलं म्हणून. मी आर्यनला हे सांगितलं, तर चार दिवसांत त्यालाही सापडलं!"

"फॅक्टरीतून एका नंबराचं एकच इंजिन निघतं," कुमुदताई म्हणाल्या. "आईंना विचारलंत?"

"नाही, नाही. आईला यातलं काही कळू द्यायचं नाही. आबांचं फर्मान आहे."

*

कुंदन भोईर लोखंड बाजारात गंजलेल्या सळ्यांच्या दोन ढिगांमध्ये खुर्ची टाकून बसला होता. पाहुण्यांना बघून तो उठला नाही.

"मॅडम, मी भंगारवाला. माज्याकडं येतं ते कुनीतरी टाकलेलंच असतं. पेनच्या एका बंद भातगिरनीतून आलंय ते. नंबर जुलला म्हनून फोन केला. पायजे तर घ्या, नायतर पडून राहील."

इंजिन एका टायरवर ठेवलं होतं. बाहेरून तेलाचा काळा थर, नंबराच्या जागी मात्र पॉलिश पेपर मारून लोखंड लखलखीत केलेलं.

"हे तुम्ही घासलंत?"

"मंग वाचनार कसं?"

कुमुदताईंनी पर्समधून टॉर्च आणि एक लांब तार काढली. इंजिनात पाणी खेळायच्या वाटा असतात, त्यातल्या एका भोकात टॉर्च मारून त्या बराच वेळ बघत राहिल्या. आत गंज होता, पण वरवरचा. त्यांनी तार खाली तळापर्यंत घातली आणि खरवडून बाहेर काढली. टोकाला तपकिरी चिखल आला. तो त्यांनी रुमालावर पुसला, तर त्यात तांदळाच्या दाण्याएवढा काहीतरी हिरवा तुकडा चमकला.

"काच," कमलाकर म्हणाले. "भंगारात काचा असायच्याच, वहिनी. बाटली फुटली असेल."

"असेल," म्हणत कुमुदताईंनी तो तुकडा औषधाच्या रिकाम्या डबीत टाकला.

"मिठागरातलं इंजिन आनि आतून असं साफ, म्हनून सगले माज्यावर हसतात," कुंदन अचानक म्हणाला. "त्या सबनीसचं बघा जाऊन. मिठानं भरलंय. माजं खोटं वाटत असंल तर वाटू दे. मी कुनाच्या पाया पडायला गेलेलो नाय."

कमलाकरांनी वहीत लिहिलं : ‘कुंदन. उद्धट. इंजिन साफ. संशयास्पद.’

*

विचुंब्याची शेड कुंदनच्या दुकानाच्या अगदी उलट होती. फरशीवर तेलाचा डाग नाही, भिंतीवर नट-बोल्टचे पाने आकारानुसार टांगलेले, कोपऱ्यात कॉफीचं मशीन. मधोमध फियाटचा सांगाडा उभा होता. नवा फिकट हिरवा रंग, क्रोमची पट्टी, आणि बॉनेटखाली पोकळी.

आर्यन सबनीस अठ्ठावीसचा, बोलायला गोड.

"ॲक्चुअली मॅडम, पार्ट्स मिळणं हाच या कामातला खरा त्रास. दरवाजाचे हँडल कोइंबतूरहून आणले, काचेची रबरं करून घेतली. इंजिनाच्या बाबतीत मी आधीच म्हटलं होतं, नंतरच्या मॉडेलचं बसवू. चालायला स्मूथ, पार्ट्स मिळतात. पण आबांना ओरिजिनलच हवं. मग मी माझे सगळे कॉन्टॅक्ट लावले. अलिबागच्या एका माणसाकडे होतं. आणि आता ही गाडी पुढच्या फेब्रुवारीत मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या रॅलीत जाणार. ओरिजिनल इंजिन म्हटल्यावर बक्षीस पक्कं."

"त्या माणसाचं नाव?"

"त्याला नाव नको आहे. असतात अशी माणसं."

त्याचं इंजिन स्वच्छ स्टँडवर बसवलेलं होतं. नंबराची जागा इथेही घासलेली. कुमुदताईंनी टॉर्च मारला. आतल्या भिंतींवर गंज होता आणि त्या गंजावर पांढऱ्या मिठाचा थर. तारेने खरवडल्यावर त्याचा चुरा पडला.

"बारा वर्षं खाडीचं पाणी प्यायलंय," आर्यन म्हणाला. "आता याहून मोठा पुरावा काय द्यायचा?"

इंजिनाच्या कुशीत पत्र्याच्या गोल चकत्या ठोकलेल्या असतात, पाण्याच्या वाटा बाहेरून बंद करायला. कुमुदताईंनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक चकतीवर टिचकी मारली. टण्, टण्, टण्. पत्रा कडक होता.

"या तुम्ही बदलल्यात का?"

"नाही. मी अजून काहीच उघडलेलं नाही. जसं मिळालं तसं ठेवलंय. ऑथेंटिसिटी."

कुमुदताईंनी तो पांढरा चुरा कागदावर घेतला आणि दिरापुढे धरला. "भाऊजी, चाखून बघा."

कमलाकरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी त्यांचं मीठ तोडलं होतं आणि त्या आज्ञेची अंमलबजावणी वहिनींकडेच होती. गेल्या दोन वर्षांत पापडाचा तुकडासुद्धा त्यांनी चोरूनच खाल्ला होता. त्यांनी घाईघाईने चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"खारट," ते भक्तिभावाने म्हणाले.

"आणखी काही?"

"आणखी काय असणार? खारट. छान खारट."

*

चौऱ्याहत्तर साली इंजिन काढलं होतं बाळू मिस्त्रीने. आता तो सत्तरीला टेकला होता आणि जुन्या पनवेलमध्ये मुलाच्या गॅरेजबाहेर स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गाड्यांचे आवाज ऐकून नावं ठेवत होता. निकेशला त्याचाही संशय होता. आकडे ठोकायचे पंच बाळूकडे होते आणि कुंदनशी त्याचं उठणं-बसणं होतं.

"पंच हाय की," बाळूने पेटी उघडून दाखवली. आकड्यांवर गंजाची पुटं होती, तीन आणि आठ तर पेटीतच चिकटून बसलेले. "हे काढायला हातोडी लागंल. आनि पंच काय, कुटल्याबी हार्डवेअरच्या दुकानात भेटतात."

"इंजिन पंपाला कसं जोडलं होतं?"

"सोपं व्हतं. गाडीचा रेडिएटर काढला, त्याजागी लोखंडी पिंप ठेवलं. पिंपातलं पानी इंजिनात, गरम झालं की परत पिंपात. वाफ व्हऊन कमी झालं की वरून वतायचं. मी जोडून दिलं आनि आलो. पान्याचं घरातली मानसं बघायची."

"ते इंजिन ओळखाल?"

बाळूने मान हलवली. "सदतीस वर्सं झाली, ताई. खोटं कशाला बोलू?"

*

बळीराम घरतांचं घर रोडपाली गावठाणात होतं. चहूबाजूंनी सेक्टरच्या इमारती चढलेल्या आणि मध्ये हे अंगण. आबा बाजेवर बसले होते. छातीवर हात ठेवून बोलायची त्यांना सवय लागली होती.

"मीठ पिकवायचं म्हंजी लोखंडाशी वैर," ते म्हणाले. कुमुदताईंनी भिंतीला टेकवलेल्या खोऱ्याकडे बघितलं होतं, त्याचं हे उत्तर. "ते खोरं माज्या बापाचं. रोज मिठागरातून आलं का आधी गोड्या पान्यानं धुवायचं, मंग तेल, मंग आपलं जेवान. पन्नास वर्सं झाली. बघा कसं हाय."

खोरं खरंच चकचकीत होतं. त्याच्या शेजारी तशीच जुनी सायकल होती, तिच्या कड्यांवरही गंजाचा ठिपका नव्हता.

आतून चंद्रावतीबाई बाहेर आल्या. कमरेला घट्ट खोचलेलं लुगडं, हातात ताटली. कैरीच्या फोडी आणि बाजूला करड्या जाड मिठाचा छोटा ढीग. पाहुणे विमा कंपनीचे आहेत, आबांच्या ऑपरेशनच्या कागदांसाठी आलेत, असं त्यांना सांगितलं होतं.

"खावा. मीठ माज्या म्हायेरचं हाय, जासईच्या आगरातलं."

कमलाकरांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी दुसरीकडे बघत होत्या. कमलाकरांनी फोड मिठात चांगली घोळवली आणि तोंडात टाकली. मग त्यांचा चेहरा थोडा बदलला.

"काय झालं?" कुमुदताईंनी विचारलं.

"मीठ जरा... खारट आहे, पण मागून किंचित कडू लागतं."

"आगरातलं मीठ तसंच," चंद्रावतीबाई म्हणाल्या. "खाडीचं पानी आटवलं का कडूपना राहतोच. तुमी पुडीतलं खाता, तुमाला कसं ठावं आसंल?"

"आजूबाजूला सगळी खाडी," कुमुदताई सहज म्हणाल्या. "तुमच्या वेळी प्यायचं पाणी कुठून आणायचात हो?"

"गावच्या विहिरीवरून. दोन हंडे डोक्यावर, एक कमरंला. बांधावरून मैलभर. आगरातली मानसं वीस, सगल्यांना पानी मीच पाजायची." त्यांनी ताटली खाली ठेवली. नवऱ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "आनि एक मशीन व्हतं, त्यालाबी. त्याला मानसांपरीस जास्ती लागायचं. पिंपाची कड उंच, हंडा वर करून वतायचा. त्या कडेवर किती बांगड्या वाढवल्या मी! सासू वरडायची, का सवासनीनं असं करू नये."

त्यांनी रिकामी ताटली उचलली आणि आत गेल्या.

आबा खाली बघत होते. "त्या मशीनचं नाव ती तोंडानं घेत नाय," ते हळूच म्हणाले. "मी चुकलो तिच्याशी. तवा पंप बंद पडला व्हता, हंगाम चालला व्हता, मला दुसरं सुचलं नाय. ती मोरीत भांडी घासत व्हती आनि मी भायेर इंजिन काढत व्हतो. भायेर येऊन बघितलं तिनं. काय बोलली नाय. आता ऑपरेशनच्या टेबलावर जायच्या आधी मला येवडं एक करायचं हाय. खोटं इंजिन बसवून तिला घेऊन गेलो, तर मी वर काय तोंड दाखवू?"

*

परतताना स्कूटरवर मागे बसून कमलाकरांनी निकाल देऊन टाकला.

"वहिनी, केस सरळ आहे. मिठागरातलं इंजिन म्हणजे त्यात मीठ हवं. सबनीसच्या इंजिनात मीठ आहे. कुंदनचं साफ आहे. म्हणजे सबनीस खरा. कुंदनने गिरणीतलं कुठलं तरी इंजिन घासलं, बाळूकडून नंबर ठोकून घेतला."

"बाळूचे पंच पेटीत गंजून चिकटलेत, भाऊजी."

"मग हार्डवेअरच्या दुकानातून."

"ते सबनीसलाही जवळच आहे." कुमुदताईंनी कळंबोली सर्कलला ब्रेक दाबला. "रविवारी दोन्ही इंजिनं आबांच्या अंगणात आणायला सांगा. सगळ्यांना बोलवा. चंद्रावतीबाईंनाही."

"पण आबांचं फर्मान!"

"आबांना मी बघते. या केसमध्ये साक्षीदार एकच आहे, आणि तिलाच कोणी विचारलेलं नाही."

*

रविवारी सकाळी अंगणात फळ्यांवर दोन इंजिनं शेजारी शेजारी ठेवली होती. आर्यनचं पुसून आणलेलं, कुंदनचं जसंच्या तसं. बाळू हत्यारांची पेटी घेऊन उकिडवा बसला होता. चंद्रावतीबाई दारात उभ्या होत्या. आपल्याला कशाला बोलावलं हे त्यांना इंजिनं बघूनच कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा घट्ट मिटला होता. आबांना त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"नंबरापासून सुरुवात करते," कुमुदताई म्हणाल्या. "नंबर हा पुरावाच नाही. निकेशभाऊंनी तो छापून वाटला. खरा नंबर खोट्या माणसालाही पाठ होता. म्हणून मी नंबर सोडून दिला आणि दोन्ही इंजिनांच्या पोटात बघितलं."

"एकात मीठ, एकात नाही," कमलाकर म्हणाले.

"हो. आणि मिठागर म्हटलं की मीठ, असं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात येतं. तुमच्या, माझ्या, खारघरच्या माणसाच्या. पण मीठ पिकवणाऱ्याच्या डोक्यात येत नाही." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "हे खोरं बघा. जो माणूस जेवायच्या आधी खोरं गोड्या पाण्याने धुतो, तो इंजिनाला खाडीचं पाणी पाजेल? महिनाभरात ते निकामी झालं असतं. हे इंजिन खाडीचं पाणी ओढत होतं, पीत नव्हतं. ते प्यायचं विहिरीचं पाणी. बाळू मिस्त्रींनी पिंप जोडलं आणि पाण्याचं काम घरच्यांवर सोडलं. घरच्यांनी ते कसं केलं, ते परवा कैरी देताना मला सांगितलं गेलं. त्यामुळे खऱ्या इंजिनात मीठ असूच शकत नाही."

आर्यन हसला. "मॅडम, ही थिअरी झाली. नंतर कोणी खारं पाणी घातलं असेल. अलिबागला बोटीवर असेल."

"असू शकेल. म्हणून मी भाऊजींना ते मीठ चाखायला लावलं. काय चव होती, भाऊजी?"

"खारट. नुसतं खारट." मग कमलाकरांचे डोळे एकदम मोठे झाले. "कडू नव्हतं! जासईचं मीठ कडू होतं!"

"खाडीचं काय, समुद्राचं काय, पाणी इंजिनात उकळून आटलं तर त्यातला कडूपणा तिथेच राहायला हवा, आगरातल्यापेक्षा जास्तच, कारण आगरात उरलेलं कडू पाणी सोडून देतात. तुमच्या इंजिनातलं मीठ नुसतं खारट आहे, सबनीस. ते दुकानातल्या पुडीतलं आहे. आणि वर्षानुवर्षं खारं पाणी प्यायलेल्या इंजिनाच्या पत्र्याच्या चकत्या चाळणीसारख्या व्हायला हव्यात. तुमच्या टणटणीत वाजल्या. त्या बदललेल्या नाहीत, हे तुम्हीच सांगितलंत. साधं गंजलेलं इंजिन घेऊन त्यावर नंबर ठोकला, पाण्यात पुडीचं मीठ कालवून आत ओतलं आणि वाळवलं. काही दिवसांचं काम. कुंदनचा फोन आल्याचं कळल्यापासून तुमचं इंजिन सापडेपर्यंत चारच दिवस गेले होते."

आर्यनने निकेशकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"त्यांना ओरिजिनल हवं होतं," तो शेवटी म्हणाला. "कुंदनचं बसवलं असतं तर इंजिन शोधल्याचं नाव त्याचं झालं असतं. रॅलीत माझी गाडी आणि भंगारवाल्याचं इंजिन. कुठलं का असेना, आवाज सारखाच येतो. कोणाला काय फरक पडला असता?"

"मला," आबा म्हणाले. एवढंच, आणि त्यांनी छातीवर हात ठेवला.

निकेश पुढे सरसावला होता. कुमुदताईंनी हाताने त्याला थांबवलं.

"थांबा. एक खोटं ठरलं म्हणून दुसरं आपोआप खरं होत नाही. कुंदनचं इंजिन साफ आहे, पण साफ इंजिनं पुष्कळ असतात. भाऊजींनी म्हटलंच होतं, गिरणीतलं असेल." त्यांनी पर्समधून औषधाची डबी काढली. "याच्या तळाच्या चिखलात मला हे मिळालं. भाऊजींना बाटलीची काच वाटली. बाटलीची काच अशी काडीसारखी बारीक नसते. पण हे मी बाहेरून टाकलं असं कोणी म्हणू नये. बाळूदादा, तळाजवळची चकती फोडा. सगळ्यांसमोर."

बाळूने छिन्नी लावली. तिसऱ्या घावाला चकती आत वळली, त्याने ती पकडीने ओढून काढली. तपकिरी गाळ फळीवर सांडला. निकेशने मोबाइलचा दिवा धरला. बाळूने बोटाने गाळ पसरला आणि एकेक करून पाच तुकडे बाजूला ठेवले. सगळे हिरवे, सगळे कमानदार. एकावर सोनेरी टिकलीचा ठिपका अजून होता.

"काच गंजत नाही," कुमुदताई म्हणाल्या. "हंडा पिंपाच्या कडेवर टेकवताना बांगडी वाढायची, तुकडे पाण्यात पडायचे, तळाच्या नळीतून इंजिनात जाऊन बसायचे. भंगारातून ते पुढे पेणच्या गिरणीत गेलं असेल, पण बांगड्या भरलेल्या हाताने बारा वर्षं पाणी त्याला गिरणीत कोणी पाजलेलं नाही. आर्यन सबनीसना हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं. कुंदनलाही नव्हतं. ते एकाच माणसाला माहीत आहे."

चंद्रावतीबाई दारातून खाली उतरल्या. फळीपाशी बसल्या. सोनेरी ठिपक्याचा तुकडा त्यांनी पदराने पुसला आणि तळहातावर घेऊन बराच वेळ बघितला.

"ही निकेशच्या बारशाची," त्या म्हणाल्या. "पनवेलच्या कासाराकडनं भरलेली. आठ दिसांत वाढवली."

मग त्यांनी हात लांब करून इंजिनावर ठेवला. काळ्या तेलात बोटं बुडाली, तरी काढली नाहीत.

आबा बाजेवरून उठायला लागले, निकेशने त्यांना आधार दिला. "चंद्रे," ते म्हणाले, "हेच बसवतो. तुज्या गाडीत. चौदा तारखंला जासईला जाऊ. माजं चुकलं. येवडी वर्सं तू त्या मशीनवर राग धरून बसलीस..."

"मशीनवर?" चंद्रावतीबाईंनी मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "बारा वर्सं ज्याला डोक्यावरनं पानी आनून पाजलं, त्याच्यावर राग धरंन मी? आगर बंद पडत व्हतं, मला दिसत नवतं? तुमी मोरीपर्यंत येऊन येकदा इचारलं असतं, तर मीच पाना हातात दिला असता. तुमी इचारलं नाय. माजी गाडी व्हती ती. तुमी नुसती काढलीत."

सदतीस वर्षं आबा इंजिन काढल्याचीच चूक मोजत होते. न विचारल्याची चूक त्यांच्या हिशेबात नव्हती.

कमलाकर वहीत डोकं घालून काहीतरी लिहिण्याचं नाटक करत होते. निकेशने आर्यनला फाटकाकडे नेलं. सांगाडा सोमवारी बाळू मिस्त्रीच्या मुलाच्या गॅरेजात आला पाहिजे, पुढचं आपण नंतर बोलू, एवढंच त्याने सांगितलं. कुंदन कोणी धन्यवाद देण्याची वाट न बघता टेम्पोत चढत होता. कुमुदताईंनी त्याला हाक मारून थांबवलं आणि कमलाकरांना खूण केली. कमलाकरांनी वहीतली ‘उद्धट, संशयास्पद’ ही ओळ खोडली आणि जाऊन त्याचा हात हातात घेतला.

बाळू इंजिनाभोवती फिरत होता. "पिस्टन बदलाया लागतील, वरचं हेड दुसरं बघाया लागंल," तो स्वतःशीच मोजत होता. "पंधरा दिस म्हंजी घाईच हाय."

आबा अजून उभेच होते. त्यांनी घसा साफ केला.

"चंद्रावती," ते म्हणाले, आणि सगळ्या अंगणासमोर, एकेक शब्द जपून उच्चारत त्यांनी विचारलं, "हे इंजिन तुज्या गाडीत बसवू का?"

चंद्रावतीबाई उठल्या. तेलाचा हात लुगड्याला पुसला. त्या वळून आत गेल्या, आणि आबांचा चेहरा पार उतरला. आतून भांड्यांचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कमरेवर रिकामा तांब्याचा हंडा होता.

"बसवा," त्या म्हणाल्या. "पन पानी मीच वतनार. विहिरीचं. नलाचं चालायचं नाय त्याला."